अर्धी खुर्ची

दशांशरावांनी आयुष्यात एकदाच पैजेचा खेळ मांडला, तोही घरातल्या घरात, बटणं लावून. तरी त्यासाठी त्यांना लेखी परवानगी काढावी लागली. ज्या माणसाने उभ्या जन्मात पत्त्याचं पान हातात धरलं नव्हतं, त्याच्या नावापुढे इमारतीच्या समितीच्या वहीत 'जुगार (?)' अशी नोंद झाली. जुगार या शब्दाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, पण ते कंसातलं प्रश्नचिन्ह मात्र फार लागलं.

दशांशराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात अंदाजपत्रकं करत. कुठल्या रस्त्याखालून किती पाइप जाणार, सांधे किती लागणार, माती किती उपसावी लागणार, हे सगळं मांडायचं आणि शेवटच्या बेरजेत दहा टक्के वाढवायचे. पाइप फुटतात, सांधे गळतात, मजूर ऐन वेळी आजारी पडतात. त्या दहा टक्क्यांपुढे ते सुबक अक्षरात 'अडीअडचणीला' असा शेरा मारत. इतकी वर्षं हे केल्यावर ते दहा टक्के कागदावरून उतरून त्यांच्या अंगात भिनले होते. चार पाहुणे येणार म्हटलं की ते पाच जणांचा स्वयंपाक सांगत. चाराचे दहा टक्के काढले की माणसाचा एक तुकडा उरतो, आणि कुणी तुकड्याने जेवायला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडी पकडायची असली की फलाटावर हमालांच्याही आधी दशांशराव हजर. त्यांची बायको त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक आकड्यातून मनातल्या मनात थोडं वजा करी आणि संसार चालवी. याचा मात्र त्यांना कधी सुगावा लागला नव्हता.

तर या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी होती त्यांची एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलं होतं. दवाखान्यात ती क्ष-किरणांचे फोटो काढायची, आणि ते यंत्र बिघडलं की दुरुस्त करायला जो यायचा, त्याच्याशीच तिने जमवलं होतं. मुलगा गुणी, बोलका, हसरा. घोडं अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. ते हिशेबतपासनीस. दुसऱ्यांच्या अंदाजपत्रकांवर लाल पेन चालवण्यात त्यांची हयात गेलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि जाताना ती घरातलं बोलणंही बरोबर घेऊन गेली असावी. पहिल्या भेटीत ते दशांशरावांच्या घरी दोन तास बसले आणि त्या दोन तासांत एकच पूर्ण वाक्य बोलले. ते म्हणाले, "पंखा आवाज करतो." दशांशरावांनी तो पंखा गेल्याच महिन्यात दुरुस्त करून घेतला होता.

त्यानंतर लेक त्यांच्या घरी एकदा जेवायला जाऊन आली. आल्यावर तिने चपला काढून जागेवर ठेवल्या. मग हळूच म्हणाली, त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी दोनच खुर्च्या आहेत. त्याची आई गेल्यावर बाकीच्या देऊन टाकल्या, वापर नव्हता म्हणून. तिच्यासाठी गॅलरीतून एक स्टूल आणलं होतं, रंगकामाचं, डाग पडलेलं. कुणी वाईट वागलं नाही, कुणी टोचून बोललं नाही. पण ती म्हणाली, "बाबा, त्या घरात मी बसायचं कुठे?"

या प्रश्नावर कुठलाही बाप आधी घसा खाकरतो, तसा दशांशरावांनीही खाकरला. पण ते अंदाजपत्रकवाले असल्यामुळे त्यांना गप्प बसवेना. त्यांनी ठरवलं की या तपासनिसांना एकदा मोकळं हसवल्याशिवाय लेकीला त्या घरात पाठवायचं नाही. आता हसवायचं कसं? वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, अबोल माणसाला प्रश्न विचारू नयेत, खाऊ घालावं. खालच्या मजल्यावरचे टेलरमास्तर म्हणाले, व्याही गप्प असेल तर देवाचे आभार माना, माझे बोलतात. सल्ला फुकट असतो हे खरं, पण तो ऐकायला जिन्यात उभं राहावं लागतं, आणि दशांशरावांचे गुडघे दुखत.

शेवटी त्यांना आठवला तो ऑफिसातल्या एका निरोपसमारंभात पाहिलेला खेळ. खेळ सोपा होता. कुणीतरी एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आकड्यात आहे. प्रत्येकाने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. सगळ्या चिठ्ठ्या लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत ओळीने मांडायच्या. मग ज्याला ज्या चिठ्ठीवर भरवसा वाटेल त्याने तिच्यावर पैज लावायची, आपल्या नाही तर दुसऱ्याच्या. खऱ्या उत्तराच्या सगळ्यात जवळची चिठ्ठी जिंकते, पण ती उत्तराच्या वर गेलेली नसावी. वर गेली की बाद. दशांशराव हरखले. आकडे त्यांच्या हातचे, आणि आकडे तपासनिसांच्याही हातचे. दोन मुक्या माणसांना एक भाषा मिळाल्यासारखं त्यांना वाटलं. 'वर गेली की बाद' या अटीवर त्यांनी जरा थांबून विचार केला असता, तर पुढचा अपमान टळला असता. पण माणूस हरखला की अटी वाचत नाही.

पैसे लावायचे नव्हते, म्हणून बटणं हवी होती. टेलरमास्तरांकडे त्यांनी शंभर मागितली आणि वर दहा, अडीअडचणीला. मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेत होते. त्यांनी तोंडातल्या टाचण्या न काढता एका पिशवीकडे बोट दाखवलं. घरी येऊन पाहिलं तर आत सोनेरी, नक्षीची, जड बटणं. दशांशरावांना मास्तरांच्या दिलदारपणाचं कौतुक वाटलं.

मग सेक्रेटरींना सुगावा लागला. इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी जिन्यातला दिवा कोणी रात्रभर जळत ठेवला हे तीन मजले दुरून ओळखत. 'पैज' हा शब्द कानावर पडताच ते दारात उभे. इमारतीत जुगाराला बंदी आहे, तेव्हा रीतसर अर्ज करा. दशांशरावांनी अर्ज लिहिला: 'अंदाज व पैज यांचा कौटुंबिक कार्यक्रम करण्यास परवानगी मिळणेबाबत.' तो परत आला, 'पैज म्हणजे काय ते स्पष्ट करावे' या शेऱ्यासह. त्यांनी स्पष्ट केलं. तो पुन्हा परत आला. यावेळी विचारणा होती की बटणांचं मूल्य किती. शेवटी एका अटीवर परवानगी मिळाली. खेळाच्या वेळी समितीचा एक निरीक्षक हजर राहील. समितीत कामाला वेळ असलेला माणूस एकच होता, तेव्हा निरीक्षक म्हणून सेक्रेटरी स्वतःच येणार हे ओघानेच आलं. निरीक्षकाने पाहुणचार घेऊ नये म्हणून ते स्वतःची खुर्चीही स्वतःच आणणार होते.

खुर्च्यांवरून घरात खटका उडाला. खेळणारी माणसं पाच, म्हणजे ते, बायको, लेक, होणारा जावई आणि तपासनीस. घरात खुर्च्या चार. दशांशराव शिक्षिकाबाईंकडून दोन घेऊन आले. बायको म्हणाली, "पाच माणसांना सहा कशाला?" ते म्हणाले, पाचाचे दहा टक्के अर्धा होतो. "मग अर्धी खुर्ची आणायची होती," असं म्हणून ती आत गेली. दशांशराव सहावी खुर्ची कुठे ठेवावी या विवंचनेत खोलीभर फिरत राहिले आणि दोनदा तिच्यावरच आदळले.

रविवारी दुपारी ठरल्या वेळेला, मिनिटभरही आधी नाही की नंतर नाही, तपासनीस आले. इस्त्रीचा सदरा, खिशाला लाल पेन. त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "माणसं पाच. खुर्च्या सहा."

"अडीअडचणीला," दशांशराव म्हणाले.

तपासनीस "हं" म्हणाले आणि बसले. ते वर पंख्याकडे बघतात की काय या भीतीने दशांशरावांनी पंखा बंद केला. मग सगळ्यांना उकडू लागलं म्हणून तो पुन्हा लावावा लागला, आणि तो वाजला. सेक्रेटरी आपली खुर्ची घेऊन भिंतीशी बसले आणि त्यांनी वही उघडली.

प्रत्येकाने आपला एक प्रश्न चिठ्ठीवर आणि उत्तर मागच्या बाजूला लिहून एका पत्र्याच्या डब्यात टाकला. वाचायचं काम लेकीकडे. पहिलाच प्रश्न निघाला तो निरीक्षकांचा. निरीक्षकाने प्रश्न टाकावा का, हे कुठल्या नियमात बसतं ते कुणी विचारलं नाही. 'आपल्या इमारतीच्या जिन्याच्या पायऱ्या एकूण किती?' रोज चढणाऱ्या माणसांनाही घाम फुटला. दशांशरावांच्या मनात लगेच आलं, सत्तर. पण पेन कागदाला टेकेपर्यंत त्यांचे सात अडीअडचणीला जमा झाले, आणि लिहिलं गेलं सत्याहत्तर. बायकोने लिहिलं सत्तर. उत्तर निघालं बहात्तर. बायको जिंकली, दशांशराव बाद. "मनात माझ्या सत्तरच होतं," असं ते म्हणाले, पण मनातल्या आकड्याला बटणं मिळत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला तेच झालं. तो लेकीने टाकलेला होता. 'मागच्या वेळी बाबा मला गाडीवर सोडायला आले, तेव्हा गाडी सुटायला किती मिनिटं होती?' स्वतःच्याच आगाऊपणाचा अंदाज करताना दशांशरावांनी त्यावरही दहा टक्के चढवले आणि ते पुन्हा बाद झाले. बायको पुन्हा जिंकली. तपासनिसांनी मात्र या वेळी आपली बटणं स्वतःच्या चिठ्ठीवर न लावता गुपचूप तिच्या चिठ्ठीवर लावली होती. त्यांच्यापुढे सोनेरी बटणांचा ढीग साचू लागला. ते बटणं दहा-दहाच्या चवडीत रचत होते.

इतक्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. टेलरमास्तर, घामाघूम. ती बटणं हॉटेलच्या दारवानांच्या कोटांची होती, गिऱ्हाईक सकाळी कोट न्यायला येणार होतं, आणि मास्तर गेला तासभर दुकान उलटंपालटं करत होते. बटणं आता पैजेत अडकली आहेत, खेळ संपल्यावर मिळतील, असं सेक्रेटरींनी त्यांना अधिकाराने सांगितलं. मास्तर उभे. मग ते सहाव्या खुर्चीवर बसले. तपासनिसांनी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि मग दशांशरावांकडे पाहिलं. मास्तरांनी थोडी बटणं उसनी घेतली आणि पुढच्याच डावात स्वतःचीच बटणं हरले. भिंतीशी बसलेल्या सेक्रेटरींनी, समितीलाही पैज लावता येईल का, अशी चौकशी केली. पाच मिनिटांत त्यांची खुर्ची टेबलाशी आणि वही खाली जमिनीवर.

चौथ्यांदा बाद झाल्यावर दशांशरावांचा चेहरा उतरला. अंदाज हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा, आणि आज एक टेलर, एक सेक्रेटरी आणि त्यांची सख्खी बायको त्यांच्या नाकावर टिच्चून जिंकत होती. कुणीही त्यांच्या चिठ्ठीवर बटण लावत नव्हतं. होणाऱ्या जावयाने एकदा दयेने एक लावलं, तेच त्यांना जास्त झोंबलं. तेव्हा तपासनीस बोलले.

"तुमचा मूळ अंदाज चुकत नाही. तुम्ही वर चढवता."

"तुटफूट धरावी लागते," दशांशराव म्हणाले.

"आम्ही ती कापतो."

"माहीत आहे. तुम्ही कापता म्हणून तर आम्ही चढवतो."

"तुम्ही चढवता म्हणून आम्ही कापतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. सगळी नोकरी दोघांनी एकमेकांच्या जातकुळीतल्या माणसांशी भांडण्यात घालवली होती, आणि नळाला पाणी मात्र तेवढंच आलं होतं. मग तपासनिसांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. वडिलांना ठसका लागला असं वाटून मुलाने घाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. तो ठसका नव्हता. ते हसत होते. मुलगा ग्लास हातात धरून तसाच उभा राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते लपवायला त्याने ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. दशांशरावांना मात्र एकदम बरं वाटलं, हरून बरं वाटलं.

डब्यात शेवटची चिठ्ठी उरली होती. लेकीने ती उघडली आणि तिचा आवाज जरा खाली आला. अक्षर तपासनिसांचं होतं. 'लग्नानंतर आमच्या जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या किती?'

पंखा तेवढा वाजत होता. लेकीने चिठ्ठी उलटी न करता टेबलावर ठेवली आणि स्वतःचा अंदाज लिहिला, तीन. जावयानेही खाली मान घालून तीनच लिहिले. सेक्रेटरी आणि मास्तर चारवर आले, एक पाहुण्याला धरून. ज्याचा प्रश्न त्याने खेळायचं नाही, म्हणून तपासनीस हात बांधून बसले होते.

दशांशरावांच्या मनात आलं, पाच. ती तिघं, आणि आपण दोघं. कधीतरी रविवारी आपण जाऊच की लेकीकडे, आणि गेलो तर बसणारच. हा अंदाज नव्हता, ही त्यांची इच्छा होती, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पेन उचलल्यावर त्यांनी स्वतःला बजावलं की आता दहा टक्के नाही, आज खूप शोभा झाली. पण पेन कागदावर टेकलं आणि त्यांना ते डाग पडलेलं स्टूल आठवलं. त्यांनी सहा लिहिले.

मास्तर हसले. सेक्रेटरींनीही हसून घेतलं. बायकोच्या चिठ्ठीवर पाच होते. चिठ्ठ्या ओळीने मांडल्या गेल्या आणि बटणं पडू लागली. मास्तर आणि सेक्रेटरींनी चारवर लावली. लेकीने आईच्या पाचवर एकच बटण ठेवलं, नवसाला ठेवावं तसं, आणि ते बघून जावयाने आपली होती नव्हती तेवढी बटणं तिच्या बटणाशेजारी सरकवली. सहावर काहीच नव्हतं. मग बायकोने आपला अख्खा ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि नवऱ्याच्या चिठ्ठीवर ओतला.

"वहिनी, तुमची चिठ्ठी पाचची आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी यांच्या आकड्यातून वजा करत आले. आज नाही करायचं."

"वजा?" दशांशरावांनी विचारलं.

"मग तुम्हाला काय वाटलं, आपल्याकडे अन्न उरत कसं नाही?"

संसाराचा असा पाया एकाएकी पायाखालून सरकला, तरी गंमत म्हणजे दशांशरावांना राग येईना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती बटणं नीट लावत होती.

लेकीने चिठ्ठी उलटी केली. मागे लाल शाईत उत्तर होतं. ते पाहताच तिचे डोळे भरले, आणि ती वाचायला लागणार तेवढ्यात तपासनिसांनी हात पुढे केला. "थांब, बाळ," ते म्हणाले. चिठ्ठी घेऊन त्यांनी खिशाचं लाल पेन काढलं. एक आकडा खोडला, वर दुसरा लिहिला, आणि खाडाखोडीच्या बाजूला, ऑफिसात करतात तशी, बारीक सही केली. मग चिठ्ठी टेबलावर मधोमध ठेवली. खोडलेला आकडा पाच होता. वर सहा लिहिले होते.

"उत्तर असं बदलता येत नाही," सेक्रेटरी म्हणाले. त्यांची बटणं तशीही गेलीच होती, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

"बदललेलं नाही, दुरुस्त केलंय. बाजूला सही आहे." तपासनीस लेकीकडे वळले. एवढं बोलायची सवय नसल्यामुळे ते शब्द एकेक करून ठेवत होते. "तिघं आपण, दोघं हे. म्हणून काल दुकानात तीन नव्या सांगितल्या. तुला त्या दिवशी स्टुलावर बसवलं, ते मला बरं वाटलं नव्हतं. उद्या जाऊन चार सांगतो. पाचाचे दहा टक्के म्हणजे अर्धी खुर्ची, आणि अर्धी खुर्ची कोणी करून देत नाही."

लेक उठली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. ते इतके गोंधळले की त्यांनी आशीर्वाद देण्याऐवजी तिला बसायला आपलीच खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. दशांशरावांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता. मास्तर आपली बटणं मोजून पिशवीत भरू लागले, आणि सेक्रेटरींनी जमिनीवरची वही उचलून 'जुगार (?)' ही नोंद खोडली. मग जरा विचार करून त्यांनीही बाजूला सही केली.

दिवेलागण झाली होती. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. आता सगळ्यांनी जेवूनच जायचं, मास्तरांनी आणि निरीक्षकांनीसुद्धा, असं तिने जाहीर केलं आणि नेहमीप्रमाणे नवऱ्याला विचारलं, किती जणांचं टाकू. दशांशरावांनी माणसं मोजली. सात. त्यांनी तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि ओशाळून गप्प बसले.

"आठ जणांचं टाका, वहिनी," तपासनीस म्हणाले.

बायकोने त्या दिवशी वजा केलं नाही, आठ जणांचंच केलं. सगळे पोटभर जेवले आणि थोडं उरलं. उरलेलं तिने एका डब्यात भरलं, झाकण नीट बसवलं, आणि निघताना तपासनिसांच्या हातात दिलं, उद्या सकाळी गरम करून खा म्हणून.